युद्धकाळात नेत्यावरचा अविश्वास : १९६२ नीट वाचायचे तर

तुमचा प्रश्न असा : ‘युद्ध सुरू असताना पंतप्रधानाच्या सचोटीवर आणि कुवतीवर शंका घेणे म्हणजे शत्रूच्या हाती कोलीत देणे नव्हे का? १९६२ मध्ये लोकांचा नेहरूंवरचा विश्वास उडाला असे सगळे म्हणतात. तो कशाने उडाला? ते खोटे बोलले, की त्यांना जमले नाही?’

संसदेच्या कामकाजाचे जुने खंड वाचणे आणि ते विद्यार्थ्यांना शिकवणे यातच माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो. आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. तुमच्या प्रश्नात दोन वेगळे अविश्वास एकत्र आले आहेत. एक कुवतीबद्दलचा : या माणसाला हे झेपत नाही. दुसरा खरेपणाबद्दलचा : हा माणूस आपल्याला माहीत असलेले सांगत नाही. पहिला अविश्वास खुर्चीवरचा माणूस बदलला की बराचसा ओसरतो. दुसरा तसा ओसरत नाही. माणूस गेला, पिढी गेली, तरी कागद बंद असतील तोवर तो तसाच राहतो. १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धात लोकांच्या मनात हे दोन्ही होते. पहिल्यावर उपाय झाला, दुसऱ्यावर अर्धाच झाला.

सुरुवात युद्धाच्या पाच वर्षे आधीपासून करावी लागते. सप्टेंबर १९५७ मध्ये चीनने शिनजियांग–तिबेट रस्ता पूर्ण झाल्याचे आपल्या वृत्तपत्रातून जाहीर केले. हा रस्ता अक्साई चीनमधून, म्हणजे भारत आपला मानत असलेल्या लडाखच्या भागातून, जात होता. १९५८ च्या उन्हाळ्यात भारताने दोन गस्ती तुकड्या पाठवल्या, त्यातली एक चिन्यांनी पकडली. ऑक्टोबर १९५८ मध्ये दिल्लीने बीजिंगला निषेधाचे पत्र दिले. संसदेला मात्र हे सगळे ऑगस्ट १९५९ च्या अखेरीस कळले, पूर्व सीमेवरच्या लोंगजू इथे गोळीबार झाल्यावर. म्हणजे जवळजवळ दोन वर्षे सरकारला माहीत असलेली गोष्ट देशाला माहीत नव्हती. नेहरूंचे म्हणणे असे की पत्रव्यवहारातून मार्ग निघेल अशी आशा होती आणि गवगवा करण्याची वेळ आली नव्हती. ही भूमिका त्यांनी मनापासून घेतली होती याबद्दल मला शंका नाही. पण तिचा परिणाम असा झाला की त्या दिवसापासून सीमेबद्दल सरकारने काहीही सांगितले तरी विरोधी बाकांवरून पहिला प्रश्न येई : हे तुम्हाला केव्हापासून ठाऊक आहे?

त्यानंतर सरकारने चीनशी झालेला पत्रव्यवहार श्वेतपत्रिकांच्या रूपाने छापायला सुरुवात केली. पहिली श्वेतपत्रिका सप्टेंबर १९५९ मध्ये आली आणि पुढे ती मालिकाच झाली. हे श्रेय द्यायलाच हवे, शेजारी देशाशी चाललेला वाद इतक्या तपशिलाने लोकांसमोर ठेवणारी सरकारे फार नाहीत. पण एकदा दडवले आणि मग उघड केले की उघड केलेल्याकडेही लोक संशयानेच पाहतात. शिवाय लोकमत इतके तापले की तडजोडीची वाटच अरुंद झाली. आधीच सांगितले असते तर कदाचित इतका ताप चढला नसता.

संसदेला हे कळले त्याच सुमारास, ऑगस्ट १९५९ च्या अखेरीस, लष्करप्रमुख थिमय्या यांनी राजीनामा दिला. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशी पटत नव्हते, हे कारण. नेहरूंनी समजूत घालून तो मागे घ्यायला लावला, बातमी फुटली, आणि २ सप्टेंबरला लोकसभेत पंतप्रधानांनी मतभेद किरकोळ असल्याचे सांगत उलट लष्करप्रमुखालाच बोल लावला. पुढच्या तीन वर्षांत सेनेतले अधिकारी मंत्र्यासमोर तोंड उघडायला का कचरत, याचे उत्तर बरेचसे त्या दिवसात आहे.

आता मेनन. आपल्याकडच्या वाचकाला हे प्रकरण परके वाटायचे कारण नाही, कारण मेनन मुंबईचे खासदार होते. फेब्रुवारी १९६२ च्या निवडणुकीत उत्तर मुंबईतून त्यांच्याविरुद्ध आचार्य कृपलानी उभे राहिले. सीमेवर सरकार झोपले आहे, संरक्षणमंत्री नालायक आहे, हाच कृपलानींचा मुख्य मुद्दा होता. नेहरू स्वतः प्रचाराला आले, मेनन यांच्यावरचा हल्ला म्हणजे आपल्या धोरणावरचा हल्ला असे त्यांनी मानले. मेनन लाखाहून अधिक मतांनी जिंकले. युद्धाच्या आठ महिने आधी, नेमक्या याच प्रश्नावर, मुंबईच्या मतदाराने सरकारवर भरवसा ठेवला होता. म्हणून ‘लोकांचा विश्वास आधीपासूनच नव्हता’ असे कोणी म्हटले तर ते मानू नका. विश्वास होता, भरभरून होता. तो त्या हिवाळ्यात गेला.

कसा गेला, ते तारखांनिशी पाहू. ८ सप्टेंबर १९६२ ला चिनी सैनिक नेफातल्या (आजच्या अरुणाचल प्रदेशातल्या) थागला कड्याखाली ढोला चौकीजवळ उतरले. २२ सप्टेंबरला दिल्लीत बैठक झाली. नेहरू राष्ट्रकुल परिषदेसाठी निघालेल्या दौऱ्यामुळे तेव्हा परदेशात आणि मेनन संयुक्त राष्ट्रांसाठी न्यूयॉर्कला होते. लष्करप्रमुख थापर यांना चिन्यांना हुसकावण्याचे काम धोक्याचे वाटत होते, त्यांनी हुकूम लेखी मागितला. तो मिळाला, संरक्षण खात्यातल्या एका सहसचिवाच्या सहीने. देशाला युद्धाकडे नेणाऱ्या आदेशाखाली ना पंतप्रधानाची सही, ना मंत्र्याची. विद्यार्थ्यांना शिकवताना मी इथे नेहमी थांबतो. खोटेपणा की नाकर्तेपणा असा प्रश्न इथे लावून पाहिला तर दोन्ही शब्द अपुरे पडतात. इथे दिसते ती उत्तरदायित्वाची गळती : निर्णय झाला, पण तो कोणाचा, हे पुढे कोणालाच नीट सांगता येऊ नये अशा रीतीने झाला.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला ले. जनरल कौल यांना नव्या चौथ्या कोअरचे प्रमुख करून तिकडे पाठवले. १० ऑक्टोबरला नामका चू नदीपलीकडे चकमक झाली आणि समोरचे बळ किती आहे ते कौल यांना दिसले. ११ च्या रात्री दिल्लीत पंतप्रधानांसमोर बैठक झाली, तीत सैन्याने आहे तिथेच ठाण मांडून राहावे असे ठरले. दुसऱ्या दिवशी, १२ ऑक्टोबरला, सिलोनला निघताना विमानतळावर वार्ताहरांनी विचारले तेव्हा नेहरूंनी सांगितले की आपला प्रदेश मोकळा करण्याच्या सूचना सैन्याला दिल्या आहेत, तारीख सैन्य ठरवेल. देशभर मथळे झाले. लोकांना वाटले, आता चिन्यांना हाकलणार.

हे वाक्य खोटे होते का? अक्षरशः पाहिले तर नाही, सूचना रद्द झालेल्या नव्हत्या. पण आदल्या रात्री जे ऐकले होते त्याचा त्यात मागमूस नव्हता. नामका चूच्या काठी सातव्या ब्रिगेडचे जवान सुती गणवेशात, मोजक्या काडतुसांवर, जुन्या थ्री-नॉट-थ्री रायफली घेऊन बसले होते. २० ऑक्टोबरच्या पहाटे हल्ला झाला. दोन दिवसांत ब्रिगेड संपली आणि ब्रिगेडियर दळवी कैद झाले. त्या आठवड्यात तवांगही गेले. विमानतळावरचे वाक्य आणि ही बातमी यांच्यामध्ये आठच दिवस होते. लोकांचा विश्वास पराभवाने तुटतो असे म्हणतात, मला ते पटत नाही. लडाखमध्ये १८ नोव्हेंबरला रेझांगलाच्या खिंडीत मेजर शैतानसिंग यांच्या तुकडीतले शंभराहून अधिक जवान पडले, चौकी गेली, तरी तो देशाच्या अभिमानाचा विषय झाला. विश्वास तुटतो तो सांगितलेले आणि घडलेले यांतल्या अंतराने.

पण याच्या पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो.

२५ ऑक्टोबरला नेहरूंनी जाहीरपणे कबूल केले की आपण आधुनिक जगाच्या वास्तवापासून दूर गेलो होतो, स्वतः निर्माण केलेल्या कृत्रिम वातावरणात वावरत होतो. राष्ट्रपती राधाकृष्णन यांनीही भोळेपणा आणि हलगर्जीपणा यांवर बोट ठेवले. २६ तारखेला आणीबाणी जाहीर झाली. विरोधकांनी संसद बोलवा असा आग्रह धरला, त्यात तरुण अटलबिहारी वाजपेयी पुढे होते. अधिवेशन ठरलेल्या तारखेआधी, ८ नोव्हेंबरला सुरू झाले. अपक्ष खासदार लक्ष्मीमल्ल सिंघवी यांनी बैठक गुप्त ठेवावी असे सुचवले. नेहरूंनी ते नाकारले, चर्चा उघड्यावरच होईल असे सांगितले. सीमेवर तोफा चालू असताना दीडशेहून अधिक सदस्य बोलले, आणि ते काही आरत्या ओवाळत नव्हते. काँग्रेसच्या बाकांवरूनही प्रश्न आले.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला या चर्चेच्या दिवसांत मिळते. शंका घेतल्याने देश दुबळा झाला का? त्याच आठवड्यांत लोक रांगा लावून संरक्षण निधीला पैसे देत होते, बायका अंगावरचे दागिने काढून देत होत्या, रक्तदानाला गर्दी होत होती, भरतीच्या केंद्रांवर तरुण उभे होते. आपल्याकडच्या गावोगावच्या जुन्या मंडळींकडून हे ऐकायला मिळते. सरकारवर संताप आणि देशासाठी त्याग या दोन्ही गोष्टी त्याच घरांतून येत होत्या. त्यांना एकमेकींच्या विरोधात उभे करणे हे सत्तेत बसलेल्यांच्या सोयीचे असते, इतिहासात त्याला आधार नाही.

आणि दबावाचा उपयोग झाला. मेनन यांना ३१ ऑक्टोबरला संरक्षण खात्यातून हलवून संरक्षण उत्पादनाचे खाते दिले होते. नेहरूंना तेवढ्याने भागेल असे वाटले. पक्षातल्याच लोकांनी ते चालू दिले नाही आणि ७ नोव्हेंबरला मेनन मंत्रिमंडळातून गेले. पुढच्या पंधरवड्यात नेफातली सेला आणि बोमदिला ही ठाणी पडल्यावर थापर गेले, जनरल चौधरी आले. आणि संरक्षणमंत्री म्हणून मुंबईहून यशवंतराव चव्हाणांना बोलावले गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य आपल्याकडे तेव्हापासून रूढ आहे. त्या वाक्यातल्या अभिमानाइतकीच त्यामागची गरज लक्षात घ्या : पंतप्रधानाला असा माणूस हवा होता ज्याच्यावर लोकांचा, पक्षाचा आणि सेनाधिकाऱ्यांचा विश्वास बसेल. चव्हाणांनी काय केले? मंत्री आणि तिन्ही दलांचे प्रमुख यांच्या नियमित बैठका सुरू ठेवल्या, बढत्यांमध्ये लुडबूड थांबवली, सेनेचा विस्तार हाती घेतला. १९६३ मध्ये नाशिकमधून ते लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. कुवतीबद्दलचा अविश्वास असा भरून निघतो : माणूस बदलून, पद्धत बदलून.

आसामचे दुःख मात्र वेगळे आहे, ते असे भरून निघाले नाही. बोमदिला पडल्यावर नेहरू आकाशवाणीवर बोलले, आसामच्या लोकांसाठी आपले हृदय व्याकूळ होते अशा अर्थाचे शब्द त्यांनी वापरले. सहानुभूतीचेच शब्द होते. पण तेजपूर रिकामे होत होते, सरकारी अधिकारी निघून जात होते, बँकेतल्या नोटा जाळल्या जात होत्या, आणि तिथल्या माणसाला ते शब्द निरोपाचे वाटले. आजही तिथे ही आठवण निघते. युद्धकाळात नेत्याने काय योजले होते यापेक्षा सर्वांत धोक्यात असलेल्या माणसाला काय ऐकू आले, हे जास्त टिकते.

त्याच १९ नोव्हेंबरला नेहरूंनी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना दोन पत्रे पाठवली आणि लढाऊ विमानांच्या बारा तुकड्यांसह हवाई मदत मागितली. अलिप्ततेचा पुरस्कार करणाऱ्या पंतप्रधानाने हे मागितल्याचे देशाला तेव्हा कळले नाही. माझे मत विचाराल तर मागणे चूक नव्हते, आसाम जातो की काय अशी ती रात्र होती. पण दडवल्यामुळे पुढे जेव्हा त्याची चर्चा झाली तेव्हा ती ‘अखेर सापडले’ अशाच सुरात झाली. २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली.

आणीबाणी मात्र उठली नाही. ती जानेवारी १९६८ पर्यंत चालली. कम्युनिस्ट कार्यकर्ते तुरुंगात गेले. पक्षाचे अध्यक्ष डांगे चीनचा निषेध करत होते तरी अटका झाल्या. चिनी वंशाचे भारतीय रहिवासी, त्यात बायका-मुले आणि म्हातारी माणसेही, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबले गेले. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आले, चौदा कॅरेटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. नोव्हेंबरात मंगळसूत्राखेरीज सगळे सोने देणाऱ्या घरांना आणि हातचा धंदा गेलेल्या सोनारांना हा नियम कसा वाटला असेल याचा विचार करा. मग सक्तीची बचत आली. लोकांनी स्वतःहून दिले होते, आता सरकार हुकमाने घेत होते, आणि चूक कोणाची झाली हे मात्र सांगत नव्हते.

त्याचा हिशेब मे १९६३ च्या पोटनिवडणुकांत लागला. कृपलानी अमरोह्यातून, लोहिया फर्रुखाबादमधून, मिनू मसानी राजकोटमधून निवडून आले. ऑगस्टमध्ये कृपलानींनी लोकसभेच्या इतिहासातला पहिला अविश्वास ठराव मांडला. चार दिवस चर्चा झाली. ठराव ६२ विरुद्ध ३४७ मतांनी पडला. आकड्यांवर जाऊ नका. नेहरूंना समोर बसून हे सगळे ऐकून घ्यावे लागले आणि त्यांनी ते ऐकून घेतले. लोहियांनी याच चर्चेत गरिबाच्या रोजच्या तीन आण्यांचा प्रश्न काढला, म्हणजे युद्धातला अविश्वास आता संपूर्ण कारभारापर्यंत पोहोचला होता. मे १९६४ मध्ये नेहरू गेले.

तुलनेसाठी अमेरिकेकडे पाहा, कारण तिथे उलट घडले. लिंडन जॉन्सन यांची कुवत कोणी नाकारत नव्हते, अमेरिकी संसदेतून कायदा मंजूर करून घेण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता. ऑगस्ट १९६४ मध्ये व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात आपल्या जहाजांवर दोनदा हल्ला झाला असे त्यांनी सांगितले आणि युद्धाचे अधिकार मिळवले. सिनेटमध्ये विरोधात फक्त दोन मते पडली. दुसरा, ४ ऑगस्टचा हल्ला झालाच नव्हता. एप्रिल १९६५ मध्ये व्हिएतनाममधल्या मरीन सैनिकांना बचावाऐवजी चढाईची भूमिका दिली गेली, आणि हा बदल बाहेर दिसू नये अशी सूचनाही सोबत गेली. नोव्हेंबर १९६७ मध्ये सेनापती वेस्टमोरलंड मायदेशी येऊन शेवट दृष्टिपथात आल्याचे सांगून गेले. दोन-अडीच महिन्यांत टेटचा, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाच्या सणातला, मोठा हल्ला झाला, सायगावमधल्या अमेरिकी वकिलातीच्या आवारात शत्रू शिरला. लष्करी हिशेबाने तो हल्ला परतवला गेला होता, तरी जॉन्सन हरले, कारण लोकांनी तोवर त्यांच्या शब्दाची किंमत ठरवून टाकली होती. ३१ मार्च १९६८ ला त्यांनी पुन्हा निवडणूक लढवणार नसल्याचे जाहीर केले. त्यानंतर अमेरिकन माणसाचा सरकारवरचा भरवसा १९६४ च्या पातळीला परत कधीच टिकून राहिला नाही. १९४० मध्ये ब्रिटनच्या चेंबरलेन यांच्यावरचा अविश्वास मुख्यतः कुवतीचा होता. नॉर्वेमधल्या लष्करी मोहिमेच्या अपयशानंतर त्यांचे बहुमत ८१ वर आले, ते गेले, चर्चिल आले, आणि देश एकदिलाने लढला. दोन्ही उदाहरणे शेजारी ठेवली की फरक दिसतो.

नेहरू या दोघांच्या मधे कुठेतरी येतात. माझा निष्कर्ष असा : त्यांनी जाणूनबुजून देशाची फसवणूक केली नाही, चीन मोठा हल्ला करणार नाही असे त्यांना खरोखरच वाटत होते. पण ज्या गोष्टींनी हा समज डळमळला असता त्या त्यांनी आधी संसदेपासून दूर ठेवल्या आणि मग त्या त्यांच्यापर्यंत पोहोचवणारी माणसेही दूर होत गेली. थिमय्यांचे उदाहरण वर दिलेच आहे. लोकांपासून दडवण्याची किंमत नेत्याला अशी मोजावी लागते की त्याला स्वतःलाही खरे ऐकू येईनासे होते. म्हणून प्रामाणिकपणा आणि कुवत हे दोन प्रश्न सुरुवातीला वेगळे असले तरी पुढे एकमेकांना पोखरू लागतात.

राहिला मेनन यांचा हिशेब. १९६७ मध्ये काँग्रेसने त्यांना मुंबईतून उमेदवारी नाकारली. ते अपक्ष उभे राहिले आणि स. गो. बर्वे यांच्याकडून हरले. बर्वे लगेच वारले, पोटनिवडणुकीत त्यांच्या भगिनी तारा सप्रे उभ्या राहिल्या, मेनन पुन्हा हरले. यात १९६२ किती आणि मराठी-अमराठी वाद किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. शिवसेना तेव्हा नुकती स्थापन झाली होती आणि मेनन यांच्या विरोधात उतरली होती. त्यामुळे याला निव्वळ युद्धाचा निकाल म्हणणे मला धाडसाचे वाटते.

खरा निकाल ज्या कागदात असायला हवा होता तो हेंडरसन ब्रूक्स–भगत अहवाल, म्हणजे पराभवाची सेनेने केलेली चौकशी. १९६३ मध्ये तो तयार झाला. २ सप्टेंबर १९६३ ला चव्हाणांनी लोकसभेत त्यातले निष्कर्ष सांगितले : प्रशिक्षण, साधनसामग्री, हुकमांची साखळी, शारीरिक तयारी, सेनाधिकाऱ्यांची नेतृत्वशक्ती. अहवाल मात्र मांडला नाही. ताज्या जखमेवर आणि उघड्या सीमेवर तेव्हा ते समजण्यासारखे होते. त्यानंतर निरनिराळ्या पक्षांची सरकारे आली. २०१० मध्ये संरक्षणमंत्री अँटनी यांनी संसदेत सांगितले की तो मजकूर आजही लष्करीदृष्ट्या संवेदनशील आहे. २०१४ मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी त्याचा मोठा भाग इंटरनेटवर टाकला, तरी सरकारी शिक्का कायम राहिला. त्या भागातून एक गोष्ट स्पष्ट दिसते : समितीला मंत्रालयातले, म्हणजे राजकीय निर्णयांचे कागद पाहायला मिळालेच नव्हते. २२ सप्टेंबर आणि ११ ऑक्टोबरच्या बैठकांत कोण काय बोलले याची अधिकृत नोंद देशासमोर आजवर आलेली नाही. ‘खोटे बोलले की जमले नाही’ या तुमच्या प्रश्नाला मी ‘माझा निष्कर्ष’ असे म्हणून उत्तर दिले, ‘सिद्ध झाले आहे’ असे म्हणून नाही, ते यामुळेच.